पेटीतला तिसरा श्वास

चर्चचे घंटेवाले आजोबा गेल्यावर मी टेबल आवरायला घेतलं आणि माझ्या हाताला दोन पिना लागल्या. एक लाल, एक निळी. आतल्या हेडफोनच्या वायरींच्या पिना. त्या मशीनच्या पाठीत खुपसलेल्या असायला हव्या होत्या, आणि त्या मशीनमागे धुळीत आडव्या पडल्या होत्या. मी पिनांकडे बघितलं, मग मशीनकडे, मग घड्याळाकडे. पावणेतीन. आजोबा हे जेवणाच्या सुट्टीनंतरचे पहिलेच पेशंट. दोन-दहाला आत बसले होते आणि दोन-चाळीसला बाहेर आले होते. त्या अर्ध्या तासात मी त्यांच्या दोन्ही कानांत मिळून शंभरेक सूर पाठवले होते आणि त्यातला एकही त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. पोचणार कसा, वायरच जोडलेली नव्हती. आणि तरी दर वेळी त्यांनी बटण दाबलं होतं. दर वेळी माझ्यासमोरचा हिरवा दिवा लागला होता. मी पाठवला की लागला, नाही पाठवला की नाही लागला. मी उजव्या कानाची लाल वर्तुळं आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या कागदाच्या अगदी वरच्या रेघेवर काढत गेले होते. वर म्हणजे चांगला कान; रेघ खाली उतरत गेली की कान गेला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला पाळण्यातल्या बाळाचे कान आहेत असा रिपोर्ट मी लिहिला, सही केली, आणि "शिक्क्यासाठी उद्या या" म्हणून सांगितलं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, ही त्या दिवशीची पहिली भीती. आणि दुसरी ही, की मग त्यांनी ऐकलं काय?

माझं काम असं आहे की लोकांना पेटीत बसवायचं. पेटी म्हणजे कान तपासायची खोली; डॉक्टर तिला काहीतरी लांबलचक म्हणतात, पण दवाखान्यात सगळे पेटीच म्हणतात. चार फूट बाय पाच फूट, भिंतींना आतून भोकाभोकांचा पत्रा, त्यामागे कापूस, आणि वीतभर जाडीचा दरवाजा. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला ते नाहीत, ती मुद्दाम बहिरी केलेली आहे. पेशंट आत काचेकडे कूस करून बसतो, म्हणजे त्याला माझा हात दिसू नये. मी बाहेर, काचेच्या अलीकडे. दरवाजा लावायच्या आधी मी प्रत्येकाला तेच सांगते, सोळा वर्षं झाली: आवाज कितीही बारीक आला, अगदी आल्यासारखा वाटला, तरी बटण दाबा, नाही आला तर वाट बघा. मग मी सूर पाठवते. सलग पाठवायचे नसतात, ठरावीक ठेक्यातही नाही, नाहीतर माणूस अंदाजाने दाबतो. मध्ये मुद्दाम गप्प राहायचं. आतल्या माणसाला ती शांतता फार लांब वाटते. काही जण घाबरून काचेकडे वळतात, मी निघून गेले की काय बघायला. मी तिथेच असते. माझी नजर त्यांच्यावरच असते.

पिना मीच काढल्या होत्या, हे आठवायला मला मिनिटभर लागलं. जेवणाच्या सुट्टीत एक ते दोन मी पेटीत जाऊन बसत असे. डॉक्टर घरी जेवायला जात, काउंटरवरची मुलगी बाहेर जाई, आणि मी आत जाऊन तो जाड दरवाजा ओढून घेई. मशीनची घूं अशी बारीक गुणगुण हेडफोनमधून झिरपते, तीसुद्धा नको म्हणून आधी पिना उपटत असे. डबा उघडत नव्हते. संध्याकाळी तो तसाच घरी नेऊन वहिनीच्या नकळत रिकामा करायचा, घासायचा. वहिनी म्हणायची, "ताई, तुमच्या अंगाला काही लागत कसं नाही?" दादा म्हणायचा, "तिच्या मनाला लागतं, अंगाला नाही," आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसायचा. मीही हसायचे. हसणं मला तेव्हा छान जमत होतं; बाकी काही जमत नव्हतं. सकाळी दात घासायचा ब्रश हातात धरून मी उभी राहायची आणि पुढे काय करायचं असतं तेच सुचायचं नाही. माणसं बोलायची ती काचेपलीकडून. ओठ हलायचे, अर्थ नंतर यायचा, कधी यायचाच नाही. दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. दुःखाला निदान चव असते. हे म्हणजे तोंड आल्यावर जेवण्यासारखं होतं. आई गेली त्याला चौदा महिने झाले होते, आणि लोकांच्या हिशेबाने माझं रडून व्हायला हवं होतं. मी रडलेच नव्हते, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

आई होती तोवर घरात देव होता, असं मी म्हणते, पण ते खरं नाही. आई होती तोवर घरात आईचा देवाशी चाललेला संवाद होता. ओट्यापाशी उभी राहून, हाताने काही ना काही निवडत, ती एकेकाचं नाव घ्यायची. दादाचं, वहिनीचं, वरच्या मजल्यावरच्या लंगड्या शिंप्याचं, माझं. माझ्या नावाला जरा वेळ लागायचा. मी म्हणायचे, "आई, मोठ्याने घेऊ नकोस, मला लाज वाटते." ती म्हणायची, "तुला ऐकवायला घेतच नाही मी. ज्याला ऐकवायचंय त्याला ऐकू जातं." तिच्या शेवटच्या तीन महिन्यांत मीही प्रार्थना केली. आधी हळू, मग मोठ्याने, मग उशीत तोंड खुपसून, घसा बसेपर्यंत. कानाच्या तपासणीत सगळ्यात मोठा आवाज देऊनही पेशंटने बटण दाबलं नाही, की आम्ही कागदाच्या तळाशी खाली टोक केलेला बाण काढतो. प्रतिसाद नाही. आईला मातीत ठेवून आल्यावर मी मनातल्या मनात तो बाण काढला आणि कागद मिटला. त्यानंतर चर्चची पायरी चढले नाही. तिसऱ्या बाकावरची आईची जागा रिकामी बघायचा धीर नव्हता, हे एक. आणि आता या जगात माझं नाव कोणी घेत नाही, हे कळून चुकलं होतं, हे दुसरं. हे दुसरं फार खोल गेलं होतं.

पेटीतल्या शांततेत गेल्यावर आधी स्वतःचं हृदय ऐकू येतं. मग कानात रक्त वाहतं त्याचा सळसळाट. मग श्वास. नवखा माणूस घाबरतो. मला ते सवयीचं होतं, किंबहुना तेवढंच मला जिवंत असल्याचं कळवत असे. पण दोन आठवड्यांपूर्वी एका दुपारी मी सहज श्वास रोखून धरला, किती वेळ राहतं बघायला, आणि एक श्वास चालूच राहिला. मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती, वीतभर अंतरावर. श्वास थांबला नाही. घाईघाईचा, जरा धाप लागल्यासारखा, आणि प्रत्येकाच्या शेवटाला बारीकशी शिट्टी. म्हाताऱ्या माणसाने जिना चढून यावं आणि दाराशी टेकावं, तसा. माझ्या मानेवर काटा आला. मी दार ढकलून बाहेर पळाले आणि दवाखानाभर हिंडून आले, कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी परत आत जाऊन बसले, कारण न बसणं मला जमलं नाही. तो परत आला. साधारण एक वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा आणि वीस-पंचवीस मिनिटं चालायचा. मी कान तपासणारी बाई. मला माहीत आहे की बहिऱ्या शांततेत मेंदू स्वतःच आवाज तयार करतो, मी शंभर पेशंटांना तसं समजावलंय. पालथ्या घड्यावर पाणी. मी त्या श्वासाची वाट बघू लागले. भीतीही वाटायची आणि तो नसेल तर काय, ही त्याहून मोठी भीती वाटायची. हळूहळू मी दोनला बाहेर येत होते ती दोन-पाचला, दोन-सातला येऊ लागले. एक दिवस मी बाहेर येणारच नाही, हे मला कळत होतं. पेटीतून म्हणा, कुठूनही म्हणा. मला ते कळत होतं आणि त्यात काही विशेष वाटत नव्हतं, जसं त्या रिपोर्टमध्ये वाटलं नाही.

आजोबांच्या तपासणीच्या दुसऱ्या दिवशी एक वाजता मी पिना उपटल्या, यावेळी विसरायचं नाही असं स्वतःला बजावत टेबलावर समोरच ठेवल्या, आणि आत गेले. दार ओढलं. हृदय आलं, रक्त आलं, माझा श्वास आला. एक दहा झाले असतील. मी श्वास रोखला. काही नाही. पुन्हा रोखला, डोळ्यांपुढे ठिपके येईपर्यंत. काहीच नाही. पेटीत फक्त मी होते. मला हसू येईल असं वाटलं होतं, किंवा सुटल्यासारखं वाटेल. पण आईचा हात माझ्या हातात गार झाला तेव्हा जसं झालं होतं तसंच झालं. ठीक आहे, असं मी मोठ्याने म्हटलं. पेटीत आपला आवाज भिंतीला लागून परत येत नाही, तोंडातून निघतो आणि मरतो. ठीक आहे म्हटलं आणि मग मला स्पष्ट समजलं की आज मी दोन वाजता उठणार नाही. कशाचा निश्चय केला नव्हता, काही ठरवलं नव्हतं. फक्त उठायचं कारण संपलं होतं. मी डोकं भिंतीला टेकवून बसले. आणि पेटीतला दिवा गेला. मिट्ट काळोख. मग आला. मग गेला. मग आला. कोणीतरी बाहेरून बटण खाली-वर करत होतं, सावकाश, दारावर टकटक करावी तसं.

काचेपलीकडे घंटेवाले आजोबा उभे होते, एक हात दिव्याच्या बटणावर, एक हात छातीवर. मी दार ढकललं तसा त्यांचा श्वास मला ऐकू आला. जिने चढून आले होते. घाईघाईचा, आणि प्रत्येकाच्या शेवटाला बारीकशी शिट्टी. मी दाराची कड धरून ठेवली.

"शिक्का!" आजोबा मोठ्याने म्हणाले. "बाहेरचं दार उघडंच होतं, बाई. हाका मारल्या. मग म्हटलं, दिवा तरी दिसेल."

"सुट्टी आहे. दोन वाजता या," मी म्हणाले.

"हो हो," आजोबा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. त्यांनी ऐकलंच नव्हतं. मी बोलले ते त्यांच्याकडे पाठ करून. काल दार लावायच्या आधी मी सूचना दिल्या तेव्हाही ते असंच प्रत्येक गोष्टीला हो हो म्हणाले होते, पण तेव्हा मी समोर होते. मी वळले, टेबलावरच्या दोन पिना उचलून त्यांच्यापुढे धरल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "आजोबा, काल ही वायर जोडलेलीच नव्हती."

त्यांनी पिनांकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा चोरी पकडलेल्या शाळकरी पोरासारखा झाला आणि ते इतक्या मोठ्याने हसले की टेबलावरचा पेला वाजला. "म्हणजे वरून काही येतच नव्हतं? आणि मी पास? अरे देवा!" हसता हसता त्यांना खोकला आला. "मला काय ठाऊक! मला जोडली काय नि न जोडली काय, सारखंच. पन्नास वर्षं घंटेखाली उभा राहिलो, कान कधीच गेले. पाळकसाहेब म्हणाले, कान तपासून आणा, नाहीतर दोर दुसऱ्याच्या हातात देऊ. गेल्या महिन्यात भर प्रार्थनेत वाजवली ना मी. मला वाटलं संपली. दोर गेला तर मग मी कशाला उरलो, सांगा. म्हणून केली लबाडी. देव माफ करील, तुम्ही करता का बघा."

"पण केलीत कशी?"

त्यांनी पेटीत बोट दाखवलं. खुर्चीसमोर, भिंतीवर, आग लागली तर काय करावं याच्या सूचनांची चौकट आहे, काच लावलेली. "त्या काचेत तुम्ही दिसता. हात नाही दिसत, पण दाबायच्या आधी तुम्ही श्वास धरता. हा खांदा वर जातो. दाबून झालं की खाली येतो." सोळा वर्षं मी ती चौकट पुसते आहे आणि मला हे माहीत नव्हतं. आजोबांचं हसू हळूहळू उतरलं. "अर्धा तास मी दुसरं काही बघितलं नाही, बाई. बघतच होतो. मध्येच खांदा वर जायचा तो खालीच यायचा नाही. कितीतरी वेळ. मी बटणावर बोट ठेवून थांबायचो. म्हणायचो, घे पोरी, घे श्वास." त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "तिसऱ्या बाकावरच्या बाईंची मुलगी ना तू? मी कालच ओळखलं. ओळख दिली असती तर लबाडी करता आली नसती, म्हणून गप्प बसलो."

मी पिना मशीनमध्ये घट्ट बसवल्या, ती चौकट भिंतीकडे उलटी केली आणि म्हटलं, "खरी तपासणी करू." त्यांनी मान हलवली, आपलं काय होणार ते त्यांना कळत होतं, पण मुकाट्याने आत जाऊन बसले. दार लावलं. मी सुरुवात केली. हलका सूर, मग मोठा, मग आणखी मोठा. हिरवा दिवा लागला नाही. मी चढवत गेले, जिथे साधा माणूस हेडफोन ओरबाडून काढेल तिथपर्यंत. आजोबा ताठ बसले होते, अंगठा बटणावर, मान किंचित कललेली, आणि चेहऱ्यावर अशी काही उत्सुकता की मला बघवेना. आत्ता येईल, आत्ता येईल. मी त्यांच्या कानात अक्षरशः ओरडत होते आणि ते कधी सुरू होतंय याची वाट बघत होते. मी कागदाच्या तळाशी खाली टोक केलेला बाण काढला, मग दुसरा. तिसऱ्याला माझा हात थांबला. सोळा वर्षांत हे बाण मी हजारो काढले असतील. पण बाण निघतो तेव्हा इकडून कोणी पाठवत नसतं असं मला एकदाही वाटलं नव्हतं. आवाज असतोच. तो नसता तर बाण काढताच आला नसता. एवढी साधी गोष्ट, मी ती फक्त एकाच कागदापुरती विसरले होते. मला आई गेल्यावर मिटलेल्या त्या कागदाची आठवण आली, आणि मी उरलेले बाण काढले.

बाहेर आल्यावर त्यांनी रिपोर्ट डोळ्यांजवळ धरून बघितला. "सगळे बाण. बरं झालं. असाच दे पाळकसाहेबांना." मग तो त्यांनी टेबलावर ठेवला. "माझी बायको गेली तेव्हा मी दोन वर्षं प्रार्थना केली नाही," ते म्हणाले, सहज, भाजीचा भाव सांगावा तसं. "जमायचीच नाही. बसलो की छातीवर कोणी बसलंय असं व्हायचं. पण दोर ओढायचं काम होतं, म्हणून ओढायचो. मी नुसता दोर ओढायचो, आणि खाली मंडळी जमायची आणि प्रार्थना करायची. कधी कधी वाटतं, त्यांच्या प्रार्थनेवरच मी ती दोन वर्षं फुकट राहिलो, पाहुण्यासारखा. एक दिवस मनोऱ्यात वरच बसून राहिलो, उतरलोच नाही. पाळकसाहेब जिना चढून आले. त्यांचं वजन तुला माहीतच आहे, ते चढले म्हणजे बघ. उपदेश एका शब्दाचा नाही केला. शेजारी बसले तासभर, मग हात धरून खाली आणलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. मनाच्या. वर्षभर गोळ्या घेतल्या. मी म्हटलं, साहेब, विश्वास कमी पडला का माझा? ते म्हणाले, विश्वास असलेल्याचा पाय मोडला तर प्लास्टर घालत नाहीत का? प्रभू बसून राहतो आपल्याबरोबर, आणि डॉक्टर उठवतो. दोघांना आपापलं काम करू द्या."

मी टेबलाच्या कडेला नख घासत होते. आजोबा पुढे झुकले. "तुझी आई शेवटच्या महिन्यात आली होती, चालवत नव्हतं तरी. म्हणाली, घंटेवाले, माझ्यामागे हिचं नाव घ्यायला कोणी नाही. ती स्वतः घेणार नाही, रागावलीय. तुम्ही घ्या. तेव्हापासून रोज घेतो. दुपारी घंटेची झाडलोट करतो, दोराला तेल लावतो, वरपर्यंत चढलं की एक वाजून जातो. तिथे शेवटच्या पायरीवर टेकतो आणि धाप लागलेली असतानाच नावं घेतो. तुझ्या नावाला जरा वेळ लागतो. आज काही चढलो नाही. म्हटलं आज ते नाव प्रत्यक्ष जाऊनच घ्यावं."

नेमकं किती वाजता, असं मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण मी विचारलं नाही, मला माहीत होतं. माझ्या दोन्ही हातांवर काटा उभा राहिला होता आणि तो भीतीचा होता, खोटं कशाला बोलू. चर्च दवाखान्यापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. मध्ये सगळं शहर, गाड्या, भिंती, आणि मग ही कापूस भरलेली भिंत. मी त्यांना सांगायला तोंड उघडलं. तो श्वास, तो डबा, आज दोनला न उठण्याचं, सगळं. पण त्यांच्याकडे बघत, तोंड उघडून, सुटं सुटं करून बोलायला हवं होतं, नाहीतर त्यांना कळलं नसतं. आणि तसं मला कोणाला काही सांगायची सवय राहिली नव्हती. मी मान वळवून भिंतीला उद्देशून काहीतरी पुटपुटले.

"इकडे तोंड करून बोल, पोरी. नाही जमत? बरं." ते उठले आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसले. "मग आत जाऊन बस. मी इथे आहे. ऐकू मला काही येत नाही, पण हा हिरवा दिवा दिसतो. सांगावंसं वाटलं की दाब. मला घाई नाही, दोर गेलाच आहे माझा आता."

मी आत गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. सोळा वर्षं मी लोकांना आत जा म्हटलं की ते जातात, तशी गेले. चौकट सरळ केली. दार लागलं. पिना जोडलेल्या होत्या, तरी हेडफोन मी लावला नाही. बटण मात्र हातात घेतलं. ते आजोबांच्या हाताने अजून कोमट होतं. हृदय आलं. रक्त आलं. माझा श्वास आला. चौकटीच्या काचेत माझी खुर्ची दिसत होती आणि तीत आजोबा, हात एकमेकांत गुंतवलेले, ओठ हलणारे, डोळे उघडे आणि दिव्यावर लावलेले. त्यांचे ओठ एकाच शब्दावर थांबून राहिले होते, परत परत तोच. आईनंतर पहिल्यांदाच मी कोणाला माझं नाव घेताना बघत होते. मी श्वास रोखला. आणि तो आला. घाईघाईचा, शेवटाला शिट्टी असलेला, माझ्या अगदी कानाशी. आणि काचेत आजोबांचा खांदा त्याच्याबरोबर वर जात होता आणि खाली येत होता, चुकत नव्हता. वीतभर जाड दारातून श्वास ऐकू येत नाही. हे मी कोणालाही शपथेवर सांगेन. मग तो कोणाचा होता? त्यांचा म्हणावा तर त्यांच्याखाली आणखी एक होता, धाप नसलेला, सावकाश, खूप मोठा, तो त्यांच्याबरोबर सुरू झाला नव्हता आणि त्यांच्याबरोबर थांबणारही नव्हता. तो मला आधीपासूनच ऐकू येत असावा, मी त्यालाच शांतता म्हणत आले होते. मी पळाले नाही. पळावंसं वाटलं, पण पळाले नाही.

आवाज कितीही बारीक आला, अगदी आल्यासारखा वाटला, तरी दाबा, असं मी सगळ्यांना सांगते.

मी बटण दाबलं. काचेत हिरवा ठिपका उमटला. आजोबांचा खांदा खाली आला आणि ते लगबगीने उठले, खुर्चीला अडखळले, आणि दोन्ही हातांनी दार ओढायला लागले. ते जड आहे, त्यांना जमेना, तेव्हा मी आतून ढकललं. बाहेर दोन वाजून चार मिनिटं झाली होती. काउंटरवरची मुलगी कोणाला तरी बसायला सांगत होती. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते मला खारट लागत होतं, चव लागत होती.

"सांग," आजोबा म्हणाले आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबले.

मी त्यांच्याकडे तोंड केलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं.